ब्रेक बसेपर्यंत

गाडीचे ब्रेक ओरडायला लागले त्या दिवसांत आमच्या घरात बोलणारं माणूस मी एकटीच होते. मुलगी नोकरीसाठी पुण्यात, आणि ह्यांची वाचा आषाढात गेलेली. एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पडलं हो?" उत्तर आलं नाही. जाऊन पाहते तो हे आरशासमोर उभे, अर्ध्या गालाला फेस, आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला.

शेजाऱ्यांनी धावपळ करून दवाखान्यात नेलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ अडकली होती. वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पण उजवा हात आणि उजवा पाय गळाले, आणि शब्द गेले. समजत सगळं होतं. मी पेपर वाचून दाखवायचे तेव्हा कुठल्या बातमीवर ह्यांना काय वाटलं ते डोळ्यांत दिसायचं. बोलायला गेले की मात्र भलतंच काही बाहेर यायचं. पाणी हवं असायचं आणि तोंडातून निघायचं 'परवा'. आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं, आणि तेच जास्त वाईट होतं. डोळे घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवायचे. पुढे पुढे त्यांनी प्रयत्न करणंच सोडलं. 'हव' आणि 'नाई', एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चालला होता.

हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. नोकरीची कितीतरी वर्षं बोर धरणाच्या कालव्यांवर गेली. सरकारी जीप असायची, तिला चालकही असायचा, पण हे त्याला शेजारी बसवून स्वतः चालवायचे. यंत्राचा आवाज ऐकायची फार सवय. रस्त्यावरून कुणाची मोटारसायकल गेली तरी हातातला घास तसाच धरून म्हणायचे, "ह्याची चैन ढिली झाली." मी शाळेत मराठी शिकवते. मला दोन गाड्यांच्या आवाजातला फरक कधी कळला नाही. लायसन्स मात्र माझ्याकडे होतं. ह्यांनीच हट्टानं काढायला लावलेलं. पण मी चालवायला बसले की शेजारून एक मिनिटाची उसंत नसायची. "क्लच सोड! अवं, क्लच! गाडी काऊन रडवून राह्यली तू?" शेवटी मी किल्ली ह्यांच्या हातावर ठेवायची आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसायची. तीस वर्षांत एवढाच माझा सराव.

दुखण्यानंतर व्यायामासाठी एक दिवसाआड दवाखान्यात जावं लागे. सुरुवातीला ऑटो केला. पण ऑटोत ह्यांना चढवायचं म्हणजे दोन माणसं लागत, आणि ते चढवणं रस्त्यावरचे लोक थांबून पाहत. मग नाचणगावहून धाकटे दीर यायला लागले. त्यांची तिथे शेती. पेरणी झाली, निंदण आलं, फवारणी आली, तरी ते पहाटेच्या गाडीनं वर्ध्याला यायचे आणि दुपारी परत जायचे. बरेच दिवस त्यांनी असं केलं. एकदा त्यांना आमच्या ओट्यावर बसल्या बसल्या डुलकी लागलेली मी पाहिली. बुटांना काळी माती तशीच होती. त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊजी, उद्यापासून मी नेते."

"तुम्ही? वहिनी, होईन का तुमच्यानं?"

"होईल तसं होईल."

आणि झालं. गाडी बंद पडत, धक्के खात, मागच्यांचे हॉर्न ऐकत मी शिकले. ह्यांना बसवणं सोपं होतं. सीट मागे सरकवायची, आधी त्यांना पाठमोरं टेकवायचं, मग एकेक पाय आत. पण गाडीत बसल्यावर हे डावीकडच्या काचेबाहेर बघत राहायचे. मी क्लच कसाही सोडला, गिअर कितीही खरवडला, तरी मान वळत नसे. पूर्वी ज्या बोलण्यानं माझं डोकं उठायचं, त्यातला एक शब्द ऐकायला मी आसुसले होते. घरातल्या शांततेपेक्षा गाडीतली शांतता जड वाटायची.

दिवाळीच्या आधी ब्रेक किंचाळायला लागले. मी दुर्लक्ष केलं. मग रेल्वेच्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. एक दिवस त्याच उतारावर पुढे ट्रक थांबला, आणि माझी गाडी मला वाटलं त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं अगदी नाकासमोर आली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डावा हात पुढच्या डॅशबोर्डवर टेकवला होता आणि माझ्याकडे पाहत होते. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहत होते.

नागपूर रोडवर एक गॅरेज आहे. मालक ह्यांच्या ओळखीचा, जुना. मी सरळ तिथेच गाडी नेली. त्यानं ह्यांना पाहिलं आणि तो क्षणभर गोंधळला. मग, ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला, "साहेब! कसे आहा?" ह्यांनी मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात विचारू लागला, "जेवतात का बरोबर? ओळखतात न सगळ्याइले?" ह्यांच्यासमोरच. लोक असंच करत. कुणाच्या मनात वाईट नसायचं. मी म्हटलं, "सगळं कळतं त्यांना. फक्त बोलणं अडतं." तो ओशाळला.

चाक काढल्यावर त्यानं आतली डिस्क काढून आणली. बहुधा मघाचं भरून काढावं असं त्याला वाटलं असेल. माझ्याकडे न येता तो ह्यांच्याकडे गेला आणि गाडीच्या उघड्या दारातून ती जड लोखंडी थाळी ह्यांच्या मांडीवर ठेवली. "पाहा साहेब. पॅड पार संपले, लोखंडाले लोखंड घासून राह्यलं होतं."

डिस्कवर वखरलेल्या वावरासारख्या गोल गोल रेघा पडल्या होत्या. ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्यावरून मधून कडेपर्यंत फिरवला. मधला भाग झिजून कडेला उंचवटा राहिला होता, तिथे अंगठा अडला. परत फिरवला. मग त्या माणसाकडे बघून भुवया उंचावल्या आणि डाव्या हातानं हवेत गोल काढून दोन बोटं दाखवली.

"हव साहेब. दोन्ही बाजूच्या बदलाव लागतीन."

मी बाजूला उभी होते. हा आषाढानंतरचा पहिला संवाद होता, ज्यात मी दुभाषी नव्हते.

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार झाली. ह्यांना गाडीत बसवून झाल्यावर किल्ली देताना गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, एक करा लागते. डिस्क नवी, पॅडबी नवे. आता ब्रेक लागतीन, पण जसे पायजे तसे नाई लागत. पॅडचा बारीक थर डिस्कवर सगळीकडं सारखा बसला पायजे. त्याच्यासाठी मोकळ्या रस्त्यावर न्या. साठपर्यंत पळवा, अन् मंग ब्रेक दाबून वीसपर्यंत आणा. गचकन नाई, पण घाबरत घाबरतबी नाई. थांबाचं मात्र नाई. परत साठ, परत वीस. असं दहाएक वेळा. जळका वास येईन, येऊ द्या. मंग ब्रेकले हात न लावता गाडी तशीच फिरवा, थंडी होऊ द्या."

"हात नाही, पाय," मी म्हटलं.

तो हसला. "हव, पाय. अन् गरम असतानी ब्रेक दाबून उभ्या राहू नका. नाई त एकाच जागी पॅडचा छाप पडते, अन् गाडी मंग ब्रेक लावला का थरथरते. पण तुम्ही कायले तरास घेता? उद्या माह्या माणसाले देतो, तो करून आणीन."

मी हो म्हणणार होते. साठचा वेग मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. तेवढ्यात गाडीतून आवाज आला.

"नाई."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. ह्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं होतं.

"मी?" मी म्हटलं. "मी नेऊ?"

"हव."

शनिवारी दीर आले, पिशवीभर हिरव्या शेंगा आणि वांगी घेऊन. त्यांना सांगितल्यावर ते चक्रावलेच. "वहिनी, हे काय नवीन? इतक्या वेळा जोरात पळवाची अन् ब्रेक मारासाठी! तुम्हाले कायले पायजे हे? मी उद्या थांबतो न, मी करून देतो." मग ह्यांच्याकडे वळून, "दादा, तू तरी सांग न वहिनीले."

ह्यांनी भावाकडे बघून शांतपणे मान हलवली. "नाई." आणि परत माझ्याकडे बोट.

दीर थोडे दुखावले. माझ्यावर विश्वास आणि भावावर नाही, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "सांभाळून जाजा. पोचल्यावर फोन करजा." मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. तिथे कडी काढता काढता ते म्हणाले, "दादाले लई दिवसांनी काई पायजे हाये, वहिनी. न्या तुम्ही."

रविवारी सकाळी मी ह्यांना विचारलं, "कुठल्या रस्त्याला जायचं?" ह्यांनी खूप वेळ ओठ जुळवले, सोडले, जुळवले. मी वाट पाहिली. वाचेच्या उपचारांसाठी जी तरुण ताई यायची, तिनं मला हेच बजावलं होतं. शब्द पुरवू नका, थांबा.

"बो...र."

पवनारवरून सेलूला आलो आणि हिंगणीच्या रस्त्याला वळलो. इथपर्यंत मी अगदी बेतानं चालवली. हा रस्ता ह्यांच्या पायाखालचा. वळणावर मान आधीच वळायची, रस्ता नंतर. थंडी पडली होती. तुरी फुलावर होत्या आणि कपाशीच्या पट्ट्यांत बाया वेचणीला लागल्या होत्या, डोक्याला ओढण्या गुंडाळून. रस्ता सरळ आणि मोकळा दिसला तशी मी म्हटलं, "आता?"

"हव."

मी वेग वाढवला. पन्नासच्या पुढे गेल्यावर बाजूची झाडं जवळ आल्यासारखी वाटायला लागली. साठ झाले. मी ब्रेकवर पाय ठेवला, पण दाबवेना. गाडी नुसती रेंगाळत रेंगाळत हळू झाली. शेजारून घशातून एक आवाज आला. नापसंतीचा. तो आवाज मी चांगला ओळखत होते.

दुसऱ्यांदा मी चिडून दाबला. फार जोरात दाबला गेला. दोघेही पट्ट्यात अडकून पुढे झुकलो. ह्यांचा लुळा उजवा हात मांडीवरून घसरला आणि आमच्या दोघांच्या मधे, गिअरच्या दांड्यावर येऊन पडला. मला गिअर टाकायचा होता आणि माझ्या हाताखाली ह्यांचा हात. गार, आणि वजनाला फार जड. मी घाबरले. "लागलं का हो?" म्हणत गाडी बाजूला घ्यायला लागले.

"नाई, नाई, नाई," म्हणत ह्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि मांडीखाली दाबून टाकला. मग डावा तळहात माझ्यासमोर हवेत पालथा धरला आणि सावकाश, एकसारखा खाली नेला. असा. असा दाब.

तिसऱ्यांदा मी त्या हाताकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. साठ झाले. तळहात खाली जायला लागला आणि त्याच्याबरोबर शब्द आला.

"दाब."

मी दाबला.

"दाब... दाब... दाब..."

काटा चाळिसावर आला, तिसावर आला. पायाखाली काहीतरी घट्ट धरल्यासारखं वाटत होतं, आधीच्या दोन्ही वेळांसारखं नव्हतं.

"सोड."

मी सोडला. रस्त्यावरची नजर काढायची नाही असं स्वतःला बजावत होते. आता काही बोलले तर हे थांबतील, या भीतीनं मी ओठ मिटून घेतले आणि पुन्हा वेग घेतला.

"दाब... दाब... दाब... सोड."

पुन्हा. आणि पुन्हा. शाळेत कवायतीला असते तशी लय लागली. ह्यांचा आवाज दर वेळी थोडा मोकळा होत होता. एकदा काटा विसावर आला आणि हे जोरात म्हणाले, "सोमवार!"

मी पाय सोडला. मग ह्यांच्या घशातून गुरगुर निघाली. मी दचकून पाहिलं तर हे हसत होते. चूक झाली की भिंतीकडे तोंड फिरवणारा हा माणूस, खांदा हलेपर्यंत हसत होता. मीही हसले. "सोमवार तर सोमवार," मी म्हटलं. "कळलं मला."

वास यायला लागला. जळक्या केसांसारखा, तापलेल्या तव्यासारखा. गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं तरी माझं मन कचरलं. ह्यांनी काच थोडी खाली केली, नाक वर करून वास घेतला आणि समाधानानं म्हणाले, "वास."

आणखी एकदोन वेळा करायचं राहिलं होतं. मी साठच्या जवळ पोचले होते. डावीकडच्या तुरीतून काहीतरी मोठं, करडं, उडी मारून रस्त्यावर आलं. रोही. नीलगाईचा घोड्याएवढा नर. रस्त्याच्या बरोबर मधे येऊन तो थांबला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"दाब!"

मी ब्रेकवर दोन्ही पाय घातले. ब्रेकच्या पॅडलमधून पायाला टकटक टकटक धक्के बसत होते, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली उडून पुढे आली, आणि गाडी थांबली. रोही आणि आम्ही यांच्यात एखाद्या बैलगाडीची जागा असेल. त्याच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती. मागून तुरीतून दोन माद्या आल्या, रस्ता ओलांडून गेल्या. हा तसाच उभा.

इंजिन बंद पडलं होतं. सगळं एकदम शांत झालं. माझा पाय ब्रेकवर होता आणि तो मला काढता येत नव्हता. काढायला हवा, गरम ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, हे सगळं आठवत होतं. पण गुडघ्याच्या खालचा पाय माझा नव्हताच जणू.

हे कमरेतून वळले. डावा हात स्वतःच्या अंगावरून आडवा आणला. पट्टा ताणला गेला, चेहरा लाल झाला, पण हात पोचला. माझ्या गुडघ्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"पाय," ते म्हणाले. मग ओठ जुळवून, नीट. "काढ."

मी काढला. सपाट रस्ता होता, गाडी हलली नाही. हात तिथेच होता. आषाढापासून मी ह्यांना धरलं होतं, उचललं होतं, पुसलं होतं, जेवू घातलं होतं. ह्यांनी मला हात लावला नव्हता.

रोह्यानं मान हलवली आणि सावकाश, रस्ता आपलाच असल्यासारखा हवा तेवढा वेळ घेत, पलीकडच्या कपाशीत निघून गेला.

मला रडू आलं असतं. पण हे म्हणाले, "चालव."

मी किल्ली फिरवली आणि क्लच सोडला. गाडीनं तीन हिसके दिले आणि परत बंद पडली. गिअर चौथाच होता.

"पयला!" हे ओरडले. "पयला टाक! पयला!"

"टाकते ना!" मीही ओरडले. "रोह्याकडे पाहू की गिअरकडे पाहू? मला काय चार डोळे आहेत का?"

"क्लच!"

"आहे क्लच! तुमच्यामुळेच तर आले मी इथे, नाहीतर तो माणूस करून देत होता सगळं!"

"क्लच सोड!"

"सोडला!"

गाडी निघाली. मी तावातावानं अजून काहीतरी बोलणार होते आणि एकदम थांबले. आजारी माणसावर मी आवाज चढवला होता. इतके महिने मी घरात पावलंसुद्धा हळू टाकत होते. मी भीत भीत शेजारी पाहिलं. ह्यांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि नाकपुड्या फुललेल्या. अगदी पूर्वी भांडण झाल्यावर असायचा तसा चेहरा. भांडणात पुढचा मुद्दा शोधणाऱ्या माणसाचा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पुढचा रस्ता आम्ही ब्रेक न लावता गेलो. हळू, फक्त गिअर कमी-जास्त करत. खिडकीतून गार वारा येत होता आणि हळूहळू तो जळका वास गेला. हे बोट दाखवून एकेक नाव घेत होते. काही बरोबर, काही नाही. "कालवा," म्हणाले, तो कालवाच होता. पुलाच्या कठड्याला "चमचा" म्हणाले, आणि मान हलवून स्वतःच म्हणाले, "नाई." मी शब्द पुरवला नाही. पूल मागे पडून बराच वेळ झाल्यावर त्यांना तो सापडला.

हिंगणीत चहाच्या टपरीजवळ मी गाडी गिअरमध्ये ठेवून उभी केली. हँडब्रेक ओढला नाही. टपरीवाला गाडीच्या खिडकीशी आला. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी डावा हात वर केला.

"दोन," हे म्हणाले. मग थांबले. टपरीवाला पण थांबला. त्याच्या हातात फडकं होतं, मागे स्टोव्हवर दूध वर येत होतं, तरी तो तसाच थोडा वाकून उभा राहिला.

"दोन... च...हा."

"साखर कमी का बराबर?"

"बराबर."

ह्यांना साखर कमी सांगितली होती डॉक्टरांनी. मी पैसे काढायला पर्स उघडली.

सोमवारी मी उपचारवाल्या ताईला सगळं सांगितलं. मी फार उत्साहात होते. तिनं टेबलावर चित्रं मांडली. हे गप्प. तिनं ब्रेकबद्दल विचारलं, तरी गप्प. माझा चेहरा उतरलेला तिला दिसला असावा. म्हणाली, "काकू, हातात काम असलं की कधीकधी शब्द आधी येतात. टेबलाशी बसून नुसते मागितले की येत नाहीत. तुम्ही गाडी बंद करू नका. पण एकदम सगळं येईल असंही धरून चालू नका." खरं सांगितलं तिनं, म्हणून मला ती आवडायची.

त्यामुळे मी गाडी बंद केली नाही. दवाखान्याचा दिवस नसला तरी आम्ही निघायचो. हमदापूरकडे, पुलगावकडे, कुठेही. गाडीत शब्द यायचे, घरात पाऊल ठेवलं की अर्धे जायचे. मग अर्ध्याहून थोडे कमी जायला लागले. नाचणगावला पहिल्यांदा गेलो तेव्हा घरभर माणसं जमली आणि हे एक शब्दही बोलले नाहीत. दीर माझ्याकडे बघत राहिले, मी फोनवर सांगितलं ते सगळं खोटं असल्यासारखं. पुढच्या वेळी निघताना मात्र हे अंगणात थांबले, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "येजो." दीर बैलाला पाणी दाखवायच्या निमित्तानं गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

ब्रेकांचं म्हणाल तर ते छान बसले. रोही आडवा आला तिथे जरासा छाप पडला असावा, कारण अगदी हळू वेगात ब्रेक दाबला की पायाला बारीक कंप जाणवायचा. गॅरेजवाला म्हणाला, थोडे दिवस चालवा, जाईन. तो गेलासुद्धा. कधी गेला ते कळलं नाही.

हे आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. गाडी चालवता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ते ऐकलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर माझ्या पार्किंगवर त्यांनी असं काही तोंडसुख घेतलं की दवाखान्याचा पहारेकरी हसायला लागला.

संक्रांतीनंतर माझ्या माहेरी जायचं ठरलं, तळेगावला. श्यामजी पंताचं तळेगाव. एवढा लांबचा पल्ला मी पहिल्यांदाच घेत होते. आर्वीपर्यंत हे सूचना देत होते. पुढचा ट्रॅक्टर, डावीकडची सायकल, "हळू", "आता", "नाई, आता नाई". आर्वी सोडली आणि सूचना कमी झाल्या. संत्र्याच्या बागा लागल्या तेव्हा मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. वळून पाहिलं.

झोपले होते. डोकं सीटला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, उजवा हात मांडीवर सैल. उन्हाची तिरीप गालावर येत-जात होती. पुढे रस्त्यात शेळ्यांचा कळप होता. मी हॉर्न वाजवला नाही. हळूहळू ब्रेक दाबत गाडी पार थांबवली, आणि शेळ्या जाईपर्यंत उभी राहिले.